विहिरीचं पाणी नितळ, तरी तपासणीची बाटली दोनदा काळी झाली. काय करू?

पाखाडीवरची | ९ सप्टेंबर २०२५, रात्री १०:४०

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. वाडी अकरा घरांची, नळाची लाईन अजून आलेली नाही, सगळ्यांचं पाणी एकाच विहिरीचं. माझ्या आजेसासऱ्यांनी खणलेली, आतून जांभ्या चिऱ्यांनी बांधलेली. मे महिन्यात कळशी तळाला घासते आणि श्रावणात पाणी इतकं वर येतं की कठड्यावरून वाकून तांब्याने घ्यावं. एवढं नितळ की तळाचे दगड मोजता येतात. चाकरमानी परत जाताना बाटल्या भरून नेतात, मुंबईत चहाला ही चव येत नाही म्हणतात.

यंदा गणपती २७ ऑगस्टला बसले. एरवी घरात आम्ही चौघं, गणपतीत सतरा. ज्या दिवशी गौरी आल्या त्या रात्री धाकट्या नणंदेला जुलाब सुरू झाले. प्रवास झालाय, खाणं जड झालंय, असं सगळेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा, मग पलीकडच्या घरातले दोघे. विसर्जनापर्यंत सहा घरांत मिळून चौदा माणसं आजारी. माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. ३ तारखेला तिचे डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली, लघवी सकाळपासून नाही. सरकारी दवाखान्यात रात्रभर सलाईन चालू होतं. आता बरी आहे, पण पाणी मागितलं की माझ्या पोटात गोळा येतो.

गावात पाणी तपासायला ज्या पाच बायकांना किट मिळालंय त्यातली मी एक. दवाखान्यातून आल्यावर ४ तारखेला मी विहिरीचं पाणी एच टू एस बाटलीत (पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर ही काळी होते) खुणेपर्यंत भरून चुलीशेजारच्या फडताळात ठेवलं. सकाळी तपकिरी दिसलं आणि संध्याकाळी डांबरासारखं काळं. ५ तारखेला ग्रामपंचायतीचा माणूस येऊन विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची ब्लीचिंग पावडर, टाकून गेला. दोन दिवस पाण्याला वास होता, सासूबाईंनी भरलेल्या दोन कळश्या परसात ओतून दिल्या. वास गेल्यावर ७ तारखेला मी पुन्हा बाटली भरली. काल ती पुन्हा काळी झाली.

सासूबाई म्हणतात, "या विहिरीचं पाणी आम्ही बाळंतिणीला पाजलंय, पाण्याला नाव ठेवू नकोस." त्यांच्या मनात राग नाही, दुखावल्यासारखं झालंय त्यांना. ज्या पाण्यावर चार पिढ्या वाढल्या ते खराब आहे हे मला तरी कुठे पटत होतं.

पाणी इतकं स्वच्छ दिसतंय, औषध टाकून झालंय, तरी बाटली काळी का? बाटलीच खोटी बोलते का? टीसीएल किती टाकायचं असतं? आणि घाण येते कुठून ते कसं शोधायचं? विहिरीच्या एका बाजूला आमचा गोठा आहे, साधारण पन्नास फुटांवर. वरच्या अंगाला चुलत दिरांचं घर. बायका विहिरीजवळच कपडे धुतात. पंप एकच आहे, बाकीचे पोहऱ्याने काढतात. कोणी जाणकार असेल तर सविस्तर सांगा. मला वाडीतल्या लोकांना समजावून सांगायचंय.

---

निवृत्त आरोग्यसेवक | १० सप्टेंबर, सकाळी ६:१५

ताई, लेक बरी आहे हे वाचून बरं वाटलं. तिला झिंकच्या गोळ्या दिल्या असतील तर चौदा दिवसांचा कोर्स पुरा करा. जुलाब थांबले की लोक गोळ्या थांबवतात.

मी पाटण तालुक्यात आरोग्यसेवक म्हणून एकतीस वर्षं काढली. पाण्याचे नमुने घेणं, टीसीएल बघणं, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये पाणवठ्यांचं स्वच्छता सर्वेक्षण करणं हे माझं काम. त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाही तर हिरवं कार्ड मिळतं. तुमच्या गावाला कुठलं मिळालंय ते विचारा, आणि सर्वेक्षणाला आलेला माणूस विहिरीपाशी गेला होता का तेही विचारा.

आधी टीसीएलचं सांगतो. पावडर किती टाकली, कशी टाकली, आणि पोतं कुठं ठेवलं होतं? ताज्या पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. उघड्या पोत्यात, ओलीला पाठ लावून दोन महिने राहिली की निम्मा उडून जातो. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरायची नाही असं आम्हाला शिकवलेलं. गोळे झालेली, ओलसर पावडर म्हणजे नुसता चुना समजा. कोकणातल्या पावसाळ्यात तर पोतं टिकणं फार अवघड.

आता मात्रा. गोल विहिरीचा हिशोब सोपा आहे. व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला व्यासानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने गुणा आणि शेवटी ७८५ ने. उत्तर लिटरमध्ये येतं. समजा विहीर ३ मीटर रुंद आणि आत पाणी ४ मीटर. ३ गुणिले ३ गुणिले ४ गुणिले ७८५, म्हणजे २८,२६० लिटर. हजार लिटरला पाच ग्रॅम धरली तर साधारण १४० ग्रॅम पावडर लागते. तीच विहीर मे महिन्यात पाऊण मीटरवर आली की पाणी राहतं ५,३०० लिटर आणि पावडर लागते २६ ग्रॅम. म्हणून बारा महिने एकच मूठ टाकणाऱ्या माणसाच्या हातून उन्हाळ्यात वासाचं पाणी मिळतं आणि पावसाळ्यात जंतूचं. लोक वासाला कंटाळतात ते उन्हाळ्यात, आणि मग पावसाळ्यातही टाकू देत नाहीत.

पावडर कधीही थेट विहिरीत टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोडं पाणी घालून आधी लगदा करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा-पंधरा मिनिटं निवळू द्या. चुना खाली बसतो. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घ्या, ती दोराने पाण्याखाली सोडा आणि वर-खाली, कडेकडेने हलवत राहा. तळाचा चुना बाहेर टाका. रात्री सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर हे करा आणि पहाटेपर्यंत कोणी पोहरा सोडू नये. किमान एक तास तरी पाण्याला हात लागता कामा नये. सकाळी ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी घ्या, पाण्यावर पिवळी छटा आली पाहिजे. तपासलेलं पाणी फेकून द्या, ते पिण्याचं नाही.

पण हे सगळं बिनचूक केलंत तरी बाटली आठवड्याने परत काळी होऊ शकते. टीसीएल आज विहिरीत असलेले जंतू मारतं. उद्या नवी घाण झिरपली तर नव्याने मारायला तिथं क्लोरीन शिल्लक नसतो.

माझ्या भागात एका गावात नळाचं पाणी होतं, टाकीवर रोज टीसीएल पडायचं, ओटी पिवळी यायची, तरी दर जुलैत एकाच आळीत जुलाब. तीन वर्षं मला छडा लागला नाही. चौथ्या वर्षी पाणी सुटायच्या आधी पहाटे साडेचारला त्या आळीत जाऊन बसलो. व्हॉल्व्हचा खड्डा गटाराच्या पाण्याने काठोकाठ भरलेला. पाणी सुटलं तेव्हा खड्ड्यात बुडबुडे आले, म्हणजे पाईप तिथं गळत होता. आणि पाणी बंद झालं तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत खड्ड्यातलं पाणी चार बोटं खाली गेलं. रिकाम्या पाईपने ते ओढून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांत तेच पाणी घरात. त्यात दोघांनी नळाला थेट मोटार जोडलेली, त्याने ओढ आणखी वाढायची.

तुमच्याकडे पाईप नाही, विहीर आहे. तेव्हा जोराचा पाऊस पडत असताना छत्री घेऊन विहिरीभोवती फिरा. पाणी कुठून कुठे वाहतंय ते बघा. मग बॅटरी घेऊन आतल्या चिऱ्यांचे सांधे बघा. चुलत दिरांचं घर वरच्या अंगाला आहे म्हणालात. त्यांचा संडास कुठं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही.

---

बोरिवलीकर | १० सप्टेंबर, सकाळी ९:०२

एवढं सगळं करण्यापेक्षा आरओ बसवून टाका. मी गावच्या घरी बसवलाय. टीडीएस मीटरने मोजलं तर आमच्या विहिरीचं पाणी आधीच ७० येत होतं, म्हणजे तसंही उत्तम. बाटल्यांवर फार विश्वास ठेवू नका.

---

नमुना क्रमांक | १० सप्टेंबर, दुपारी १:३०

मी पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करते. बोरिवलीकर दादा, टीडीएसचा आकडा फक्त पाण्यात विरघळलेले क्षार सांगतो. कोकणात पाऊस भरपूर आणि जांभ्यातून पाणी झटकन खाली जातं, त्यामुळे क्षार कमीच असतात. त्या सत्तरमध्ये जंतू मोजलेले नाहीत. सांडपाण्याचा एक थेंब तांब्याभर पाण्यात पडला तर मीटरचा काटा जागचा हलणार नाही, आणि त्या थेंबात माणसाला आजारी पाडण्याइतके जंतू असू शकतात. रोज कोणी ना कोणी हा आकडा घेऊन आमच्याकडे येतं म्हणून आवर्जून लिहिलं.

आरओ चालू असेपर्यंत जंतूही अडवतो हे खरं. पण गावात वीज जाते, फिल्टर वेळेवर बदलला जात नाही, आणि त्याच्या टाकीतल्या पाण्यात क्लोरीन उरलेला नसतो. शिवाय एका घरात आरओ आला की त्या घराचं विहिरीकडे लक्ष राहत नाही. उरलेली दहा घरं तेच पाणी पितात.

ताई, आता तुमच्या बाटलीबद्दल. ती खोटी बोलत नाही, पण थोडं अर्धवट बोलते. माणसाच्या आणि जनावरांच्या विष्ठेत जे जंतू असतात त्यातले काही हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात, त्याने बाटली काळी होते. क्वचित पाण्यात मुळातच सल्फाइड असेल तरी काळी होते. म्हणून काळी बाटली म्हणजे धोक्याची सूचना समजायची, आणि नक्की करायला नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे ई-कोलाय हा आतड्यातला जिवाणू शोधतात. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे १०० मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात ई-कोलाय एकही आढळता कामा नये. थोडे असले तर चालतील, अशी सवलत त्यात नाही.

ई-कोलाय स्वतः बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. पण तो मुख्यतः माणसाच्या नाहीतर जनावरांच्या आतड्यातून येतो. तो सापडला की त्या वाटेने कॉलरा, टायफॉईड, हगवण, कावीळ काहीही येऊ शकतं, हे कळतं. वाट उघडी आहे, आज तिच्यावरून कोण चालत आलं हा नशिबाचा भाग.

नमुना घेताना बाटली आमच्याकडूनच न्या, ती निर्जंतुक केलेली असते. तिच्या तळाशी थोडं औषध असतं, ते धुऊन टाकू नका. पाण्यात क्लोरीन राहिला असेल तर त्याला ते निष्प्रभ करतं, नाहीतर वाटेतच जंतू मरून निकाल खोटा चांगला येतो. तुमच्या एच टू एस बाटलीत असं औषध असतंच असं नाही, त्यामुळे टीसीएलचा वास असताना ती भरू नका. वास गेल्यावर भरलीत ते अगदी बरोबर केलंत. बाटलीच्या तोंडाला आतून बोट लावायचं नाही, बर्फात ठेवायची आणि त्याच दिवशी पोचवायची. भूजल सर्वेक्षण यंत्रणेची उपविभागीय प्रयोगशाळा तुम्हाला जवळ पडेल, ग्रामपंचायतीमार्फत पाठवा.

निकाल येईपर्यंत प्यायचं पाणी उकळा. खळखळून उकळी फुटली की आणखी एखादं मिनिट, तेवढं पुरतं. झाकून गार करा, आणि माठात हात किंवा पेला न बुडवता लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. उकळलेलं पाणी घरात पुन्हा बिघडतं ते हातानेच.

---

धायरीकर | १० सप्टेंबर, रात्री ११:१८

हे शहरात होत नाही असं कोणाला वाटत असेल तर म्हणून लिहितो. या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात जीबीएस, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराची साथ आली. अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. जुलाब होऊन जातात, माणूस बरा झाला असं वाटतं, आणि आठ-दहा दिवसांनी पायातली ताकद जाते, कारण जंतूशी लढताना शरीर स्वतःच्याच नसांवर उठतं. आमच्या मजल्यावरचा कॉलेजला जाणारा मुलगा एक दिवस जिना चढताना खाली बसला तो उठेना. एकोणीस दिवस दवाखान्यात होता. आता चालतो, पण शर्टाची बटणं लावायला त्याला अजून वेळ लागतो.

त्यानंतर आम्ही इमारतीची जमिनीखालची टाकी रिकामी करून आत उतरलो. ड्रेनेजचा चेंबर टाकीपासून चार फुटांवर, आणि त्या बाजूच्या भिंतीवर बोटभर रुंद काळपट ओघळ. किती वर्षं असेल देव जाणे. त्याचा त्या मुलाच्या आजाराशी संबंध होता असं मी म्हणू शकत नाही. पण तो ओघळ पाहिल्यापासून मी उकळल्याशिवाय पाणी पीत नाही.

ताई, भिंत आतून बघाच.

---

पाखाडीवरची | १३ सप्टेंबर, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुम्ही विचारलंत ते मी मुद्दामच लिहिलं नव्हतं.

चुलत भावोजींनी दोन वर्षांपूर्वी नवा संडास बांधला. विहिरीच्या वरच्या अंगाला. मी काल दोरीने मोजलं, संडासाच्या खड्ड्यापासून विहिरीच्या कठड्यापर्यंत छत्तीस फूट. परवा दुपारी मुसळधार पाऊस होता तेव्हा मी बॅटरी घेऊन गेले. कठड्यावर पोट टेकवून आत वाकले. तीन बाजूंचे चिरे शेवाळाने हिरवे, एकसारखे. वरच्या अंगाच्या बाजूला, पाण्याच्या वर हातभर, दोन चिऱ्यांच्या सांध्यातून करंगळीएवढी धार येत होती. पाणी स्वच्छच दिसत होतं. पण त्या धारेखाली चिऱ्यावर शेवाळ नव्हतं, राखाडी, बुळबुळीत साय होती. काठीने खरवडली आणि वास घेतला. वासाचं इथे लिहीत नाही.

एरवी त्यांच्या घरी भावोजी, जाऊबाई आणि मुलगा, तिघंच. गणपतीत एकोणीस माणसं होती. नेमकं त्याच वेळी जमिनीतलं पाणी वर्षातलं सगळ्यात वर. खड्डा पाण्यातच उभा असणार. बाकीचं वर्ष कोणाला काही का झालं नाही, याचं उत्तर मला त्या धारेत मिळालं.

टीसीएल काकांनी सांगितलं तसं केलं. पोतं ग्रामपंचायतीच्या जिन्याखाली होतं, तळाला गोळे झालेले. सरपंचांना दाखवलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी नवीन मागवलं. एकशे चाळीस ग्रॅम किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून घेतलं. नमुनाही पाठवलाय.

आता प्रश्न पाण्याचा उरला नाही. भावोजींना सांगायचं कसं? हा संडास त्यांनी अनुदान घेऊन, वर स्वतःचे पैसे घालून हौसेने बांधलाय. तोवर जाऊबाई अंधारात बांधावर जायच्या. आणि माझ्या मुलीला दवाखान्यात न्यायला त्यांनीच रात्री गाडी काढली होती.

---

निवृत्त आरोग्यसेवक | १४ सप्टेंबर, सकाळी ६:०५

ताई, त्यांच्याकडे संडासाचा विषय घेऊन जाऊ नका. त्यांना विहिरीवर बोलवा आणि बॅटरी त्यांच्या हातात द्या. माझ्या अनुभवात माणूस ऐकून भांडतो, बघून गप्प होतो. चार लोकांसमोर तर अजिबात नको.

खड्डा हलवायचा तर विहिरीच्या खालच्या अंगाला हवा. आमचा नियम पन्नास फुटांचा होता, पण जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, तिथं नुसत्या फुटांवर भरवसा नको. शक्य तितका लांब न्या, भूजलवाल्यांना जागा दाखवून घ्या. कोरड्या दिवसांत विहिरीचे वरचे सांधे आतून सिमेंटने भरून घ्या, जेवढं खोल जाता येईल तेवढं. भोवती निदान तीन फुटांचा ओटा करा, बाहेरच्या बाजूला उतार द्या, आणि कपडे धुण्याची जागा लांब न्या. गोठ्याचं पाणी विहिरीकडे येत असेल तर चर मारून वळवा. पोहरे अकरा घरांचे अकरा असतील तर एकच ठेवा, तो जमिनीवर टेकवायचा नाही, टांगून ठेवायचा.

---

पाखाडीवरची | २१ सप्टेंबर, रात्री ८:१०

निकाल आला. नमुना पिण्यास अयोग्य. कागदावर लाल शाईने लिहिलंय.

तो कागद मी भावोजींना दाखवला नाही. मंगळवारी संध्याकाळी त्यांना विहिरीवर नेलं आणि बॅटरी दिली. बराच वेळ वाकून बघत होते. मग सरळ झाले आणि काही न बोलता घरी गेले. दोन दिवस आमच्याकडे आले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, बघ, माणसं तोडलीस. मी रात्री झोपले नाही.

शुक्रवारी सकाळी भावोजी दारात. म्हणाले, "दिवाळीनंतर जमीन वाळली की खड्डा खाली घेऊ, चिरे मीच आणतो. तोवर काय करायचं ते सांग." तोवर दर तीन दिवसांनी मोजून टीसीएल आणि सगळ्या घरांत उकळून पाणी, एवढं ठरलंय. सासूबाई उकळलेल्या पाण्याला चव नाही म्हणतात, पण नातीच्या पेल्यात त्या स्वतःच तपेल्यातलं ओततात, ओगराळ्याने.

आज संध्याकाळी जाऊबाई आल्या. मला वाटलं रागावून काही बोलायला आल्यात. त्या फडताळापाशी गेल्या, जुनी काळी बाटली उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, "हे आमचंच ना गं?" मला काही उत्तर सुचलं नाही. मग म्हणाल्या, अजून बाटल्या आहेत का, मला भरून बघायच्यात. विहिरीला टीसीएलचा वास नव्हता, आज रात्री टाकायचं होतं. एक त्यांनी विहिरीच्या पाण्याने भरली आणि दुसरी स्वतःच्या घरातलं उकळून गार केलेलं पाणी आणून. दोन्हींवर कोळशाने खूण केली, झाकणाच्या आत बोट लागू दिलं नाही, मी सांगायच्या आधीच.

दोन्ही बाटल्या आता चुलीशेजारी आहेत. उद्या साडेसहाला चोवीस तास होतील, त्या तेव्हा येणार आहेत.